माउस कोणाच्या हातात?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेले भाषण. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे येथे छापत आहोत. – स्मरणिका समिती)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सर्व सभासद, आणि पंख्याखालची जागा मिळाली नाही तरी शांतपणे बसलेल्या माझ्या शेजारणींनो आणि शेजाऱ्यांनो, नमस्कार.

कमिटीने मला दिलेला विषय होता ‘मुले आणि मोबाइल : शाप की वरदान?’ मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, यावर आपल्या लिफ्टमध्ये रोज परिसंवाद होतो, त्याला वक्ता कशाला हवा? तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत मोबाइल शाप असतो, आणि घराचं दार उघडलं की लगेच, “अरे बाळा, हे लाइट बिल जरा भरून दे रे, माझ्याच्याने होत नाहीये.” म्हणजे वरदान. तेव्हा तो विषय मी बदलून मागितला. आपली आठवी-नववी-दहावीची मुलं दिवसभर फोन वापरतात, पण त्यांना संगणकावर एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करता येतं का, यावर मी बोलणार आहे. आणि येत नसेल तर त्यात माझ्यासारख्या शिक्षकांचा किती वाटा आहे, यावरही.

मी मूळची गणिताची शिक्षिका. शाळेत पहिले संगणक आले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचार केला की गणित येतं तिला संगणकही येत असणार. झालं, खोलीची किल्ली माझ्या हातात आली. दहा संगणक, वर्गात पंचावन्न मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. त्यातली पाच मिनिटं चपला बाहेर काढण्यात आणि पाच परत घालण्यात. आपली सोसायटी नोंदली गेली त्याच सुमाराची गोष्ट. डोंबिवलीत तेव्हा भारनियमन असायचं हे तुम्हाला आठवत असेल. वीज गेली की मी फळ्यावर संगणकाचं चित्र काढून शिकवायची. माउसच्या पोटात तेव्हा रबरी गोळी असायची, आणि ती काढून खिशात घालून न्यायची मुलांना भारी हौस. महिन्याला दोन-तीन गोळ्या तरी गायब व्हायच्या.

आणि मी शिकवत काय होते? संगणकाचे भाग. इनपुटची साधनं, आउटपुटची साधनं. चार्ल्स बॅबेजला संगणकाचा जनक का म्हणतात. रॅम आणि रॉममधला फरक. पंचवीस मार्कांची लेखी परीक्षा व्हायची आणि मुलं चांगले मार्क पाडायची. पालक खूश, शाळा खूश, मीही खूश. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आला, तेव्हा या हॉलमधल्या कितीतरी जणांनी सरकारी नोकरीसाठी किंवा बढतीसाठी तो केला असेल. सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय ना? चांगलंच आहे. पण संगणक ‘येणं’ म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. तो पडला एका मुलीमुळे.

तिचं नाव सांगत नाही. गोष्ट सांगू का, हे मात्र तिला विचारलंय. ती म्हणाली, “सांगा मॅडम, फक्त रडका सूर लावू नका.” तेव्हा प्रयत्न करते.

तिची आई आपल्याच सोसायटीत तीन घरी कामाला यायची. मुलगी माझ्या शाळेत, हुशार. संगणकाच्या परीक्षेत तिला पंचवीसपैकी चोवीस. दहावीला चांगले मार्क पडले आणि अकरावीच्या प्रवेशाची वेळ आली. मुंबई आणि आसपासच्या भागात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तिने काय केलं? शेकडो मुलं करतात तेच. आईबरोबर सायबर कॅफेत गेली. कॅफेवाल्याने फॉर्म भरला. ईमेल लागतो म्हटल्यावर त्याने स्वतःच एक ईमेल उघडला. मोबाइल नंबर लागतो म्हटल्यावर स्वतःचाच टाकला, कारण आईच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. पासवर्डही त्यानेच ठरवला. मुलीच्या हातात आली फक्त फॉर्मची प्रिंट. ती तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली.

पहिली यादी लागली. तिला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं होतं, सायन्सला. पण तो मेसेज गेला कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि तो गावी गेला होता. कॅफेला कुलूप. मुलगी दोन दिवस कुलूप बघून परत आली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा प्रवेश पक्का करायची मुदत संपून गेली होती. आणि नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद.

आता यात कोणाला दोष द्यायचा? कॅफेवाल्याने तर आईची अडचण बघून मदतच केली होती. नियमांनाही अर्थ आहे, एकाने जागा अडवून ठेवली तर दुसऱ्याचं काय? मी मात्र त्या रात्री बसून तिची जुनी उत्तरपत्रिका आठवत राहिले. ‘ईमेल म्हणजे काय ते सांगून त्याचे चार फायदे लिहा.’ तिने चार लिहिले होते, पाचवाही लिहिला होता. मी पूर्ण मार्क दिले होते. आणि दोन वर्षांत मी तिला स्वतःचा एक ईमेल उघडू दिला नव्हता.

तिला शेवटच्या विशेष फेरीत लांबचं कॉलेज मिळालं, कॉमर्स. आज ती एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते आणि काम उत्तम करते. म्हणजे शेवट गोड झाला, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. तिला सायन्सला जायचं होतं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. अभ्यासक्रम मोडला नाही, तो माझ्या हातात नव्हता. लेखी परीक्षेची तयारी शेवटच्या महिन्यात उरकायची, आणि आधीचं सगळं वर्ष कामं करायची असं ठरवलं.

पहिलं काम, स्वतःचा ईमेल. तेरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलांना स्वतःचं खातं उघडता येत नाही, म्हणून आठवीत, वय बघून, आणि आई किंवा वडील शेजारी बसलेले असताना. पहिल्या वर्षी मुलांनी काय काय नावं घेतली होती! ‘डोंबिवलीचा किंग’, ‘डेंजर बॉय’. मी अडवलं नाही. फक्त विचारलं, “हे तुझ्या बँकेच्या फॉर्मवर लिहिशील का?” दहातल्या आठांनी बदललं. मग पासवर्ड. जन्मतारीख नको, स्वतःचं नाव नको, एक लांब, स्वतःलाच हसू येईल असं वाक्य घ्या म्हटलं. ते वहीत लिहायचं आणि वही घरी ठेवायची. पासवर्ड वहीत लिहू नये असं सांगणारे खूप भेटतात. माझं मत वेगळं आहे. ज्या घरात एकच फोन चार जण वापरतात, तिथे कपाटातली वही फोनपेक्षा सुरक्षित असते. आणि खातं परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर द्यायचा, तो घरातल्या माणसाचा, रोज चालू असलेला. नंबर बंद पडला की काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या माणसाला देते, आणि मग आपल्या खात्याची किल्ली त्या अनोळखी माणसाच्या खिशात जाते. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, मग माझी गेलीच.”

दुसरं काम, मराठीत अर्ज. मुख्याध्यापकांना, खरोखरचा. खेळाचं साहित्य हवंय, नळाला पाणी येत नाही, जे असेल ते. टाइप करायचा, पीडीएफ करायची, फाइलला नाव द्यायचं, ईमेलला जोडायचा, विषय लिहायचा आणि पाठवायचा. सहा पायऱ्या. फोन चालवण्यात पटाईत असलेली मुलं इथे धडाधड पडतात. “फाइल कुठे ठेवलीस?” “फोनमध्ये.” “फोनमध्ये कुठे?” “गॅलरीत असेल ना.” फोल्डर ही कल्पनाच त्यांना नाही, कारण फोनने ती त्यांच्यापासून लपवून ठेवलेली असते. करोनाच्या दोन वर्षांत ही मुलं ऑनलाइन शिकली, वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवत राहिली. एवढ्या काळात ईमेलला फाइल जोडणं बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. मी फोल्डर शिकवते तो आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून. डब्यात डबा, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठी नसली की मीठ कुठलं आणि पिठीसाखर कुठली ते चहात कळतं.

मराठी टायपिंगवर मी जरा जास्त रेंगाळते, तो माझा हट्ट समजा. पूर्वी प्रश्नपत्रिका घरी टाइप करून छापखान्यात न्यायची आणि तिथल्या संगणकावर ती उघडली की सगळी पिशाच्च लिपी. का, तर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसायचा. युनिकोड आल्यावर ती कटकट गेली. मुलांना मी इनस्क्रिप्ट शिकवते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आणि एकदा क कुठे ते कळलं की हिंदी, गुजराती, बंगाली, कुठल्याही लिपीत क त्याच जागी. आठवडाभर मुलं कुरकुरतात, मग बोटं चालायला लागतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलं तरी माझी हरकत नसते, पण अर्धा र नीट यायला हवा. ‘आचार्यांना’ पत्र पाठवायचं असताना ते ‘आचाऱ्यांना’ गेलं, तर एखाद्या विद्वानाला आपण लग्नाचा स्वयंपाक सांगून बसू. इनस्क्रिप्टमध्ये त्या ऱ ला स्वतःची जागा आहे, शिफ्ट दाबून र ची की दाबली की झालं.

गेल्या वर्षी एकाने अर्ज आणून दाखवला. काय भाषा! “महोदया, आपल्या कुशल नेतृत्वाखाली विद्यालयाची चौफेर प्रगती...” वाचून मी हबकले. खाली सहीच्या जागी कंसात लिहिलं होतं, ‘आपले नाव येथे लिहा’. एआयकडून लिहून घेतलेला. मी ओरडले नाही. म्हटलं, यात नळाचा उल्लेख कुठे आहे? नव्हताच. वर्गात मोठा हशा झाला, आणि मग त्याने चार ओळींचा स्वतःचा अर्ज लिहिला. नळ दोन दिवसांत दुरुस्त झाला. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. पण पाठवण्याआधी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, एवढा एकच नियम.

तिसरं काम हिशोबाचं. त्याची गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे, आणि खजिनदारांची परवानगी घेऊनच सांगते. मागच्या गणपतीत वर्गणीची यादी एक्सेलमध्ये केली होती. बेरजेपेक्षा पेटीतली रोकड ४४०४ रुपयांनी जास्त. पैसे कमी भरले तर माणूस दुःखी होतो, पण जास्त भरले तर त्याची झोपच उडते. खजिनदार काकांनी तीनदा रोकड मोजली. शेवटी डी विंगमधली नववीतली मुलगी सहज डोकावली आणि म्हणाली, “काका, हे चार आकडे डावीकडे का सरकलेत?” चार घरांपुढे त्यांनी सवयीने ‘११०१/-’ असं लिहिलं होतं. ते तिरकं चिन्ह आणि रेघ आली की एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही, ते अक्षर होतं. अक्षर डावीकडे चिकटतं, आकडा उजवीकडे, आणि बेरीज करताना अक्षरं धरली जात नाहीत. चार गुणिले ११०१, बरोब्बर ४४०४.

तिला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. शाळेच्या सहलीचा हिशोब करताना तिची बेरीज अशीच चुकली होती, आणि तेव्हा कारण शोधायला मी तिला अख्खा तास दिला होता. अशीच दुसरी खोड, सोळा आकडी खातेक्रमांक. एक्सेल पंधराच आकडे धरतं, सोळावा शून्य करून टाकतं. आधी तो रकाना अक्षरांचा आहे असं सांगावं लागतं. कमिटीत कोणी सभासदांचे बँक खातेक्रमांक एक्सेलमध्ये ठेवत असेल, तर आज घरी गेल्यावर शेवटचा आकडा बघून घ्या.

फसवणुकीबद्दल थोडक्यात बोलते, कारण पोलिसांचे कार्यक्रम आपल्याकडे होऊन गेलेत. मुलांकडून मी दोन गोष्टी पाठ करून घेते. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी. आणि फसलोच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता माझ्या भाषणाला मी नाव दिलंय त्याबद्दल. एका संगणकावर पाच-सहा मुलं बसली की माउस कोणाच्या हातात जातो? ज्याच्या घरी संगणक आहे त्याच्या. बाकीचे बघतात, मान डोलावतात, आणि तास संपल्यावर त्यांना वाटतं आपल्यालाही आलं. हे मला फार उशिरा दिसलं. मग मी नियम केला, ज्याला येतं त्याने माउसला हात लावायचा नाही. त्याने तोंडाने सांगायचं, करायचं ज्याला येत नाही त्याने. पहिले काही दिवस येणाऱ्या मुलांचा जीव नुसता तडफडतो. “अगं तिथे नाही, वर, वर!” पण त्यांचाही फायदा होतो. ‘हे इकडे, ते तिकडे’ करून चालत नाही, गोष्टींची नावं घेऊन सांगावं लागतं.

काही जण मला १९९९ च्या दिल्लीतल्या प्रयोगाचा दाखला देतात. सुगत मित्रा यांनी कालकाजीत वस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपापली तो चालवायला शिकली. खरं आहे, आणि मला त्या प्रयोगाचं कौतुकच आहे. पण चालवायला शिकणं वेगळं आणि आपलं काम तडीस नेणं वेगळं. भिंतीतल्या संगणकाला मुदत नसते, अकरावीच्या प्रवेशाला असते. मला जास्त जवळचं वाटतं ते केरळचं. तिथे माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे गट २०१८ पासून चालतात, शाळेतली यंत्रं सांभाळण्यातही मुलांचा हात असतो.

माउसचा हा नियम घरीही लावून बघा. नातू फोन हिसकावून घेतो, दोन सेकंदांत काहीतरी दाबतो, “झालं आजोबा.” आजोबांना काही कळलं नाही, आणि नातवाला समजावून सांगायची सवय लागली नाही. त्याच घरात वर्षभराने उलट होतं. नातवाचा कॉलेजचा फॉर्म बाबा ऑफिसात बसून भरतात, कारण “त्याचा वेळ नको जायला.” दोन्हीकडे एकच चूक. फोन आजोबांच्या हातात राहू द्या, आणि फॉर्म नातवाच्या. बाबांनी शेजारी बसावं, चहा प्यावा, आणि अगदीच चुकीचं बटण दाबायला गेला तरच खोकावं.

शेवटी कमिटीकडे माझं मागणं. ते मी मागच्या सभेतही मांडलं होतं आणि त्यावर बरीच चर्चा झाली, हे तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात तीन जुने संगणक पडून आहेत. दोन चालतात, तिसऱ्याचा कीबोर्ड मी घेऊन देईन. दर रविवारी दहा ते बारा मला हा हॉल हवा आहे. आठवी ते दहावीची मुलं, आपल्या सोसायटीतली, आणि आपल्याकडे जे कामाला येतात त्यांचीही. वॉचमनची, घरकाम करणाऱ्या ताईंची, इस्त्रीवाल्यांची. ‘बाहेरची मुलं’ आत आल्याने सुरक्षेचं काय, असा प्रश्न सभेत आला. मी त्याला हसणार नाही, काळजी असू शकते. पण त्या मुलांच्या आयांच्या हातात आपल्या घरांच्या किल्ल्या आहेत, तेही वर्षानुवर्षं. रजिस्टरमध्ये नावं लिहू, मी स्वतः गेटवर थांबेन. तेवढं झालं की मग परवानगी द्या.

अध्यक्षांनी आत्ताच मान हलवली, ती मी होकार समजते आणि ती इतिवृत्तात लिहावी अशी सेक्रेटरींना विनंती करते.

तर पुढच्या रविवारी पहिला तास. पहिल्या दिवशी फोन आणायचा नाही, वही आणायची. आई-बाबांपैकी एकाने यायचं, आणि येताना घरातला जो नंबर कायम चालू असतो तो फोन त्यांनी स्वतःजवळ ठेवायचा. फॉर्म भरण्याचा सराव करू, त्यासाठी प्रत्येकाने पासपोर्ट साइझ फोटो आणावा, फोनने त्याचा फोटो काढून पन्नास केबीपर्यंत कसा लहान करायचा ते मुलं स्वतः शोधतील. ज्यांना येतं अशी मोठी मुलंही हवीत, तीन-चार तरी, फक्त माउसला हात न लावण्याच्या अटीवर. सी विंगच्या लिफ्टजवळ कागद लावलाय नावं लिहायला. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय, ते कृपा करून तिथेच राहू द्या.